शिकवणारा कुठे गेला?

कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारीचे पहिले तीन महिने मी फक्त कानस चालवली. समोर व्हाइस, म्हणजे जॉब घट्ट धरणारा शिकंजा, त्यात माइल्ड स्टीलचा एक ओबडधोबड ठोकळा, आणि काम एवढंच की त्याच्या सहाही बाजू सपाट आणि एकमेकींशी काटकोनात आल्या पाहिजेत. चौथ्या दिवशी तळहाताला फोड आले, आठव्या दिवशी ते फुटले. हा जॉब, म्हणजे आपला ठोकळा, घेऊन इन्स्ट्रक्टरांकडे गेलं की ते त्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावत, खिडकीकडे तोंड करून डोळ्यांसमोर धरत आणि म्हणत, "उजेड दिसतोय." बस, एवढंच. गुण्याचं पातं आणि लोखंड यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी तिथून उजेड येतो. मग परत व्हाइसवर जायचं.

एके दिवशी ते उठून माझ्या मागे येऊन उभे राहिले. थोडा वेळ नुसते बघत होते. मग माझा डावा पाय स्वतःच्या बुटाने वीतभर पुढे सरकवला, कोपर धरून खाली दाबलं आणि म्हणाले, "अरे, कानस हाताने नाही मारायची, अंगाने मारायची. तुझी कानस झोके खातेय, म्हणून मधे उंचवटा राहतोय." त्यानंतर बारा-पंधरा दिवसांनी एकदा त्यांनी गुण्या दोनदा फिरवून बघितला आणि काहीच बोलले नाहीत. जॉब बाजूला ठेवला. "उद्यापासून ड्रिलिंगला ये."

हे सगळं कंपनीच्या खर्चाने चाललं होतं. वेगळी शेड, तीस-चाळीस व्हाइस, आम्ही वाया घालवलेलं लोखंड, आमचं विद्यावेतन आणि सगळ्यांत मोठा खर्च म्हणजे त्या अनुभवी माणसाचा पगार. तोच माणूस हत्यारं आणि साचे बनवणाऱ्या टूलरूममध्ये बसवला असता तर त्याने कंपनीला दिवसाकाठी किती काम काढून दिलं असतं! तरी त्याला आमच्या उजेडाच्या फटी बघायला बसवलं होतं. त्या तीन महिन्यांत आम्ही विकता येईल अशी एकही वस्तू बनवली नाही. कंपनीला हे माहीत होतं, आणि दर वर्षी नवी बॅच आली की ती हेच करत होती.

आज शिकाऊ उमेदवारांची संख्या त्या काळापेक्षा कितीतरी मोठी आहे. सरकार ती अभिमानाने सांगतं, कंपन्याही सांगतात. पण त्या मुलांमागे उभं राहून कोपर दाबणारा माणूस बहुतेक ठिकाणी दिसत नाही. माझं म्हणणं असं आहे की आपण गेली साठ वर्षं शिकणाऱ्यांची डोकी मोजत आलो आणि शिकवणाऱ्याचा हिशेब ठेवायचं सोडून दिलं. कायदा, अनुदान, योजना, सगळं त्या डोक्यांभोवती फिरतं. त्यातून शिक्षण आटलं आणि स्वस्त मनुष्यबळ तेवढं उरलं.

आपल्याकडे कारखान्याने स्वतः शिकवायला सुरुवात केली ती मुख्यतः रेल्वेच्या वर्कशॉपांत. बिहारमधल्या जमालपूरला ईस्ट इंडियन रेल्वेने १८६२ साली वर्कशॉप उभं केलं आणि १८८८ मध्ये त्याला जोडून तांत्रिक शाळा निघाली. कारण सरळ होतं. इंजिन विलायतेहून येई आणि ते उघडून नीट करणारा माणूसही विलायतेहूनच आणावा लागे. त्याचा प्रवास, पगार, राहणं, सगळंच महाग. मग इथल्याच मुलांना शिकवणं परवडू लागलं. अर्थात त्यातही वरचं शिक्षण बराच काळ युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुलांच्या वाट्याला आणि हिंदुस्थानी मुलांच्या वाट्याला खालची कामं, अशी विभागणी होतीच. १९२७ पासून जमालपूरला स्पेशल क्लास अप्रेंटिस ही योजना सुरू झाली. बारावीच्या वयाची मुलं स्पर्धा परीक्षेतून घ्यायची, वर्कशॉपमध्ये घडवायची आणि रेल्वेचे यांत्रिक अधिकारी करायची. हाताने काम केलेला माणूस अधिकारी होतो, हे आपल्या समाजाला नवीन होतं. ती भरती २०१५ नंतर बंद झाली.

जमशेदपूरची गोष्ट याहून बोलकी आहे. टाटांच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये पहिलं पोलाद निघालं तेव्हा भट्ट्या आणि रोलिंग मिल सांभाळणारे बहुतेक जाणकार अमेरिकन आणि युरोपियन होते, करारावर आणलेले. त्यांच्याशिवाय कारखाना चालत नव्हता आणि त्यांच्या पगारांनी हिशेब कोलमडत होता. १९२१ मध्ये कंपनीने जमशेदपूर टेक्निकल इन्स्टिट्यूट काढलं. त्याच सुमाराला ब्रिटिश सरकारने नेमलेल्या इंडस्ट्रियल कमिशननेही आपल्या अहवालात वर्कशॉपमधल्या प्रशिक्षणाचा मुद्दा मांडला होता, आणि पंडित मदन मोहन मालवीयांनी त्या अहवालाला स्वतंत्र टिपण जोडून हिंदुस्थानी उद्योगाची बाजू घेतली होती. पण कंपनी कमिशनच्या शिफारशीमुळे हलली नाही, गरजेमुळे हलली. १९३८ मध्ये जहांगीर घांदी पहिले भारतीय जनरल मॅनेजर झाले. घांदी स्वतः परदेशात शिकून आले होते, या शाळेचे नव्हते. पण त्यांच्या हाताखाली मिलवर, भट्टीवर, मेंटेनन्सला जी माणसं उभी होती ती तोवर इथलीच होती, इथेच तयार झालेली.

आणि किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआय या तांत्रिक संस्थेत शिक्षक होते, हे त्यांच्या कारखानदारीच्या कौतुकात मागे पडतं. १९१० मध्ये त्यांनी माळरानावर कारखाना वसवला तेव्हा आजूबाजूला लेथ पाहिलेला माणूस नव्हता. नांगर ओतायचा तर साचा करणारा तयार करावा लागणार, आणि तो आसपासच्या खेड्यांतूनच मिळणार. शाळेची इमारत नव्हती, अभ्यासक्रमाचं पुस्तक नव्हतं, पण मालक स्वतः शिकवणारा होता. मला वाटतं, ज्या उद्योगपतीने स्वतः कधी कुणाला काही शिकवलेलं असतं त्याला शिकवण्याचा खर्च वायफळ वाटत नाही.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याआधी लोखंडाचं काम लोहाराच्या घरात होतं आणि लाकडाचं सुताराच्या. बाप मुलाला शिकवी, दुसऱ्याचा मुलगा त्या भात्यापर्यंत पोचत नसे. कारखान्याच्या शाळेने पहिल्यांदा विचारलं की गणित येतं का, ड्रॉइंग वाचता येईल का. बापाचा धंदा विचारला नाही. प्रत्यक्षात वशिले चालत, कामगारांच्या मुलांना झुकतं माप असे, मुली तर त्या शेडमध्ये जवळजवळ नव्हत्याच. हे सगळं खरं. तरीही शेतमजुराचा मुलगा टूलमेकर होऊ शकतो ही शक्यता बलुतेदारीने दिली नव्हती, कारखान्यातल्या शाळेने दिली. म्हणून ती शाळा मोडली जाते तेव्हा केवळ उद्योगाचं नुकसान होतं असं मला वाटत नाही.

या सगळ्या मालकांना धर्मादाय करायचा नव्हता. बाजारात तयार माणूस विकत मिळत नव्हता, म्हणून तो घडवावा लागला. आणि घडवलेला माणूस जाणार कुठे? जमशेदपूरच्या रोलिंग मिलवरचं कसब घेऊन जायला दुसरी गिरणी जवळपास नव्हती. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये हीच गोष्ट सिद्धान्त म्हणून मांडली. जे कौशल्य कुठेही चालतं त्याचा खर्च मालक उचलत नाही, कारण शिकवायचं आपण आणि पळवायचं शेजाऱ्याने. जे फक्त आपल्याच कारखान्यात उपयोगी पडतं त्यावर तो पैसा घालतो. कागदावर हे पटतं. पण पिंपरी-चिंचवडने त्याची दुसरी बाजू दाखवली. सुमंत मुळगावकरांनी साठच्या दशकात टेल्कोचा (पुढे टाटा मोटर्स) पुण्याचा प्रकल्प हाती घेतला तेव्हा गाड्या बाहेर पडायच्या कितीतरी आधी टूलरूम आणि प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. तिथून बाहेर पडलेली मुलं सगळी टेल्कोत राहिली नाहीत. कुणी शेजारच्या कंपनीत गेलं, कुणी भोसरीत एक गाळा भाड्याने घेऊन जुनं मिलिंग मशीन टाकलं आणि ज्या कंपनीत शिकला तिचाच सप्लायर झाला. बेकरच्या हिशेबात हे नुकसान. पण ज्याला आपण पुण्याचा इंजिनिअरिंगचा पट्टा म्हणतो तो अशाच गळतीतून उभा राहिला. जे कसब एका कंपनीच्या खर्चाने आलं, त्यावर सगळा परिसर जगला.

म्हणजे शिकवण्याचा फायदा फक्त शिकवणाऱ्या कंपनीला होत नाही, आणि म्हणूनच तो खर्च एकट्या कंपनीच्या मर्जीवर सोडता येत नाही. सरकारलाही हे कळलं होतं. १९५० पासून आयटीआय सुरू झाल्या. १९५९ मध्ये कारखान्यांसाठी ऐच्छिक शिकाऊ योजना आली. ऐच्छिक म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं, आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार कायदा करावा लागला.

तो कायदा आज उघडून वाचला की त्यात एक शहाणपणाची तरतूद सापडते. ज्या कारखान्यात पाचशे किंवा अधिक कामगार आहेत, त्याने नवख्या मुलाला पायाभूत प्रशिक्षण द्यायचं ते वर्कशॉपच्या वेगळ्या भागात किंवा वेगळ्या इमारतीत, आणि ती सोय मालकाने स्वतः उभारायची. लहान कारखान्यांची मुलं सरकारी केंद्रात जातील. ज्याने हे कलम लिहिलं त्याला शॉपफ्लोअर माहीत असला पाहिजे. उत्पादनाच्या लाइनवर शिकवणं होत नाही. तिथे सुपरवायझरच्या डोक्यावर शिफ्टचा आकडा असतो, आणि चुकणारा मुलगा त्या आकड्याचा शत्रू असतो. शिकायचं तर चुकायला जागा लागते. माझे तीन महिने याच कलमाने दिलेले होते.

पण त्याच कायद्याने दुसरी एक गोष्ट केली. प्रत्येक ट्रेडमध्ये, म्हणजे फिटर, इलेक्ट्रिशियन अशा कामाच्या प्रकारात, किती कामगारांमागे किती उमेदवार घ्यायचे याचं प्रमाण ठरवून दिलं. तपासायला सोपं काय? डोकी. निरीक्षक आला की रजिस्टर बघायचा, करार नोंदवलेत का बघायचा. मुलाला कानस धरता येते का हे बघायला त्याच्याकडे ना वेळ होता ना बहुधा कसब. हळूहळू कंपन्यांनाही कळलं की कायदा डोकी मागतो, ती दिली की झालं. काही चांगल्या कंपन्यांनी आपल्या शाळा अभिमानाने चालू ठेवल्या, आजही ठेवल्या आहेत. बाकीच्यांनी कोटा भरला, किंवा तोही भरला नाही.

२०१४ मध्ये कायदा बदलला. बदलाची गरज नव्हती असं मी म्हणणार नाही. ट्रेडनिहाय प्रमाण किचकट होतं, कायद्यात मालकाला तुरुंगवासाची शिक्षा होती, आणि त्या भीतीने कंपन्या उमेदवार घ्यायचंच टाळत, अशी तक्रार वर्षानुवर्षं होती. तुरुंगवास गेला. ट्रेडऐवजी एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते दहा टक्के असा पट्टा आला, आणि २०१९च्या नियमांनी वरची मर्यादा पंधरा टक्के केली. या मोजणीत कंत्राटी कामगारही धरले जातात. पण या सगळ्यात पाचशे कामगारांच्या कारखान्याने स्वतःची प्रशिक्षणाची जागा उभारायची ही अट गेली. पायाभूत प्रशिक्षण पुरेशा सोयी असलेल्या कोणत्याही संस्थेत झालं तरी चालेल असं ठरलं. डोकी वाढवली आणि शेड काढून टाकली. माझ्या मते या सुधारणेतली सर्वांत मोठी चूक तीच, आणि तिच्यावर त्या वेळी फारसं कुणी बोललं नाही.

आता कंपनीच्या बाजूने हिशेब मांडून बघा. कायद्याच्या १८व्या कलमानुसार उमेदवार हा कामगार नाही, शिकणारा आहे. त्याला भविष्य निर्वाह निधी लागू नाही, ईएसआय म्हणजे कामगार विमा लागू नाही. २२व्या कलमानुसार मुदत संपल्यावर त्याला नोकरीत घेण्याबाबतचं धोरण कंपनीनेच ठरवायचं. २०१९च्या नियमांत किमान विद्यावेतन शिक्षणानुसार दरमहा ५,००० ते ९,००० रुपये होतं. त्यावर ऑगस्ट २०१६च्या राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेतून सरकार विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, देतं. तो मुलगा खरंच शिकत असेल तर या सवलती अगदी योग्य आहेत. शिकणाऱ्याला कामगार म्हणू नये हे मला मान्य आहे. पण तो शिकत नसेल तर? मग तो कायद्याने स्वस्त केलेला आणि सरकारी पैशाने आणखी स्वस्त केलेला हेल्पर ठरतो.

दोन-अडीच वर्षांपूर्वी एका कारखान्यात जाणं झालं. असेंब्लीच्या लाइनवर एक मुलगा इलेक्ट्रिक स्क्रूड्रायव्हरने पॅनेलला स्क्रू मारत होता. आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेला, उमेदवारीचा नववा महिना. मी विचारलं, "सुरुवातीपासून इथेच?" म्हणाला, "हो काका. आधी त्या बाजूचे चार मारायचो, आता या बाजूचे सहा." तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. उलट आपला हात किती जलद बसलाय हे त्याला दाखवायचं होतं, आणि त्याने दाखवलंही. जेवणाच्या सुट्टीत त्याने लॉगबुक आणलं. मोटर वाइंडिंग, स्टार्टरची जोडणी, फॉल्ट शोधणं, सगळं आठवड्यागणिक लिहिलेलं, एकाच निळ्या पेनाने आणि एकाच बसणीत लिहिल्यासारखं. खाली सही. मी विचारलं, हे कुणी शिकवलं? तो काही बोलला नाही, वही मिटून मांडीवर ठेवली. त्या मुलाने काही चूक केली नव्हती. तो पहाटे उठून कंपनीच्या बसने येत होता आणि सांगितलेलं काम चोख करत होता. त्याच्या आयुष्यातलं एक वर्ष मात्र खर्ची पडलं होतं आणि ते परत मिळण्याची काही सोय नव्हती.

खरं तर प्रशिक्षणाशी संबंध नसलेल्या कामाला उमेदवाराला लावणं, परवानगीशिवाय ओव्हरटाइम करून घेणं, याला कायद्यात मनाई आहे आणि दंडही आहे. पण दंड व्हायचा तर आधी कुणीतरी वहीतली सही सोडून मुलाचा हात बघायला हवा.

मराठीत उमेदवार हा शब्द फार आधीपासून आहे. उमेद धरून राहिलेला तो उमेदवार. जुन्या काळी कचेरीत आज ना उद्या नेमणूक होईल या आशेवर बिनपगारी काम करणाऱ्यालाही उमेदवारच म्हणत. आज रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी करून बाहेर पडलेल्या मुलांची अवस्था तीच आहे. २० मार्च २०१८ च्या सकाळी माटुंगा आणि दादरच्या मध्ये रुळांवर उतरून त्यांनी मध्य रेल्वेच्या लोकल रोखल्या. मुंबईकरांना त्या दिवशीचा खोळंबा आठवतो. त्यांची मागणी होती रेल्वेत सामावून घेण्याची. रेल्वेचं उत्तर होतं की भरतीत त्यांच्यासाठी वीस टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. कायद्याने पाहिलं तर नोकरीचा हक्क त्यांना नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाच्या खटल्यात म्हटलं होतं, की बाकी सगळं समान असेल तर बाहेरच्यापेक्षा प्रशिक्षित उमेदवाराला प्राधान्य द्यावं.

त्या मुलांची बाजू मला कळते, पण त्यांच्या मागणीने प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. प्रत्येक उमेदवाराला नोकरीची हमी द्यायची म्हटली तर कारखाने उमेदवारच घेणार नाहीत. मुलगा नोकरीचाच हट्ट का धरतो हे बघायला हवं. त्याच्या हातात बाजारात चालेल असं कसब आलेलं असतं तर तो एका दाराशी अडून बसला नसता. भोसरीच्या गाळ्यात गेलेली मुलं टेल्कोसमोर धरणं धरून बसली नव्हती. ज्याला काहीच शिकवलेलं नाही त्याच्याकडे त्या कंपनीत काढलेले दिवस एवढीच जमेची बाजू असते, म्हणून तो त्या दिवसांच्या जोरावर हक्क मागतो. महाराष्ट्रात २०२४च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही हेच दिसलं. दरमहा ६,०००, ८,००० आणि १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत सुरुवातीला सहा महिने. मुदत संपत आली तशी प्रशिक्षणार्थींची मागणी आली ती कायम करण्याची. पुढचं काही शिकवा असं कुणी म्हटलं नाही, कारण आधी शिकवल्याची आठवणच नव्हती. त्याआधी चाकण, रांजणगावच्या पट्ट्यात 'नीम'ची मुलं होती. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या २०१३च्या याच नावाच्या योजनेखाली प्रशिक्षणार्थी म्हणून घेतलेली आणि लाइनवर उभी केलेली. ती योजनाही शेवटी गुंडाळावी लागली. नावं बदलत गेली, मुलगा त्याच लाइनवर राहिला.

मालकांचं एक म्हणणं मी नेहमी ऐकतो आणि ते उडवून लावण्यासारखं नाही. सीएनसीच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या, जमान्यात तीन महिने कानस कशाला? जॉब मशीन काढतं, मापं प्रोबने घेतली जातात. बरोबर आहे. मीही आज कुणाला तीन महिने कानस द्या म्हणणार नाही, पंधरा दिवस पुरतील. पण त्या पंधरा दिवसांत जे कळतं ते सीएनसीच्या स्क्रीनवर कळत नाही. लोखंड दाबाला कसं उत्तर देतं, एका दशांश मिलिमीटरची चूक बोटाला कशी लागते, जॉब बिघडला तर आधी स्वतःचा पाय कुठे होता ते बघायचं. आणि कानस नको असेल तर दुसरं काही शिकवा. प्रोग्रॅम लिहायला द्या, टूल तुटलं तर का तुटलं ते शोधायला लावा, मशीन चालवणारा छोटा संगणक, म्हणजे एखादा जुना पीएलसी, देऊन त्यात मुद्दाम फॉल्ट घालून ठेवा. साधन कोणतं हा वादाचा मुद्दाच नाही. ते शिकवायला माणूस ठेवलाय का, एवढंच मला विचारायचं आहे.

जर्मनीचं उदाहरण आपल्याकडे ऊठसूट दिलं जातं, पण त्यातला नेमका भाग सांगितला जात नाही. तिथे कंपनीत शिकवणाऱ्या माणसाला शिकवण्याची पात्रता सिद्ध करावी लागते. १९६९च्या व्यवसाय शिक्षण कायद्यानंतर १९७२ मध्ये तसा नियमच आला. आणि मुलाची अंतिम परीक्षा त्याची कंपनी घेत नाही, उद्योग मंडळाचे बाहेरचे परीक्षक घेतात. २००३ मध्ये जर्मन सरकारने शिकवणाऱ्याच्या पात्रतेची अट काही वर्षांपुरती स्थगित केली, का, तर अट सैल केली की जास्त कंपन्या उमेदवार घेतील, जागा वाढतील. म्हणजे डोकी वाढवण्यासाठी शिकवणाऱ्याकडे काणाडोळा, आपण करतो तेच. दर्जा घसरल्याची काळजी पुढे आली आणि २००९ मध्ये त्यांनी ती अट परत आणली. एवढी मुरलेली व्यवस्था असलेल्या देशालाही शिकवणारा वगळून चाललं नाही.

लहान कारखानदार म्हणेल, माझ्याकडे वीस माणसं, मी इन्स्ट्रक्टर कुठून ठेवू? त्याचं खरं आहे, आणि त्याचं उत्तरही एका भारतीय कंपनीने परदेशात दिलेलं आहे. १९७२ मध्ये सिंगापूर सरकारने टाटांच्या साथीने तिथे प्रशिक्षण केंद्र काढलं. पुढे फिलिप्स आणि रोलाय या कंपन्यांबरोबरही काढली. जागा आणि बराचसा खर्च सरकारचा, शिकवणारे आणि शिस्त कंपनीची, आणि कंपनीने स्वतःच्या गरजेपेक्षा जास्त मुलं शिकवायची. उरलेली मुलं बाकीच्या उद्योगांना. पुण्यात जे गळतीतून आपोआप घडलं ते सिंगापूरने ठरवून केलं. आपल्या एमआयडीसीत शेकडो लहान कारखाने एकमेकांना लागून आहेत. त्या प्रत्येकाकडे इन्स्ट्रक्टर नको, पण पन्नास जणांत मिळून एक शेड आणि चार इन्स्ट्रक्टर का नकोत?

पैसा कुठून, हा प्रश्न मला खोटा वाटतो, कारण पैसा आजही खर्च होतोय. तो विद्यावेतनात जातो. प्रोत्साहन योजनेत सुरुवातीला पायाभूत प्रशिक्षणासाठी उमेदवारामागे ७,५०० रुपयांची वेगळी तरतूद होती, म्हणजे विचार कुणाला सुचला नव्हता असंही नाही. पण योजनेचा गाजावाजा झाला तो विद्यावेतनाच्या हिश्श्याचा. सरकारने मुलाच्या विद्यावेतनाचा हिस्सा उचलणं थांबवावं आणि तेवढाच पैसा शिकवणाऱ्याच्या पगारात घालावा. जी कंपनी पूर्णवेळ, परीक्षा दिलेला इन्स्ट्रक्टर आणि लाइनपासून वेगळी जागा दाखवेल तिच्या इन्स्ट्रक्टरचा अर्धा पगार सरकारचा. जी दाखवू शकणार नाही तिने घेतलेला मुलगा उमेदवार धरला जाऊ नये. त्याला कामगार धरावं, किमान वेतन द्यावं, निधी कापावा, ईएसआयचं कार्ड द्यावं. मग तो स्क्रू मारेल तर निदान स्क्रू मारण्याचा पूर्ण पगार घेऊन मारेल. आणि जी मोठी कंपनी शिकवणारही नाही आणि शिकलेली मुलं मात्र शेजारून उचलेल, तिने शेजाऱ्याच्या शेडसाठी वर्गणी भरावी. फ्रान्समध्ये १९२५ पासून असा कर आहे. ब्राझीलमध्ये १९४२ पासून उद्योग प्रशिक्षण संस्थेला वर्गणी देतात, पुढे ती पगारखर्चाच्या एक टक्का ठरली, आणि त्या संस्थेत लेथ शिकलेला एक मुलगा, लुला, पुढे त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

माझे इन्स्ट्रक्टर निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी कंपनीने नवा माणूस भरला नाही. काही वर्षांनी त्या शेडमध्ये पॅकिंग मटेरिअल ठेवायला लागले. व्हाइस भंगारात निघाले तेव्हा एक मी विकत घेतला. तो आजही माझ्याकडे आहे आणि त्याच्या जबड्यांवर अजून कानशीच्या खुणा आहेत. यंदाही शिकाऊ उमेदवारांचा आकडा छापून येईल आणि तो मागच्या वर्षीपेक्षा मोठा असेल. त्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना छापावा, एवढं मी मागतो: त्यांना शिकवायला किती माणसं होती, कंपनीच्या नावासकट.